माळ्यावरची आठवी शिंक

मी संशयी नाही. माझा फक्त कुणावर विश्वास बसत नाही, एवढंच. आणि त्यात दोष माझा नाही, नोकरीचा आहे. तीस वर्षं मास्तरकी केली आणि त्यातला निम्मा काळ परीक्षेच्या वर्गात पहारा देत काढला. ज्याने पट्टीच्या मागे, बुटाच्या तळव्यात आणि एकदा तर डब्यातल्या चपातीच्या घडीत कॉपी पकडली आहे, त्याला पुढे आयुष्यभर चपाती उलगडून बघायची सवय लागते. (माझी बायको सुमन या सवयीवर अजूनही चिडते. विशेषतः तिच्या माहेरी जेवायला बसलो की!)

हे सगळं आमच्या घरापुरतं ठीक होतं. पण आमच्या प्राजक्ताचं लग्न काढलं आणि गाडं अडलं. तीन स्थळं आली, तीनही पाव्हणे चहा अर्धा टाकून गेले. पहिल्या मुलाला मी एवढंच म्हटलं होतं की बायोडाटातली उंची खरी असेल तर त्या दाराच्या चौकटीला टेकून उभा राहा. दुसऱ्याच्या वडिलांना शेजाऱ्यांचे फोन नंबर मागितले. तिसरा मुलगा राजारामपुरीत क्लास चालवायचा. त्याच्या क्लाससमोरच्या चहाच्या गाड्यावर मी तीन दिवस वर्तमानपत्राआड बसलो. तिसऱ्या दिवशी तो स्वतः रस्ता ओलांडून आला आणि अदबीने म्हणाला, "काका, उद्या क्लासला सुट्टी आहे. उगाच हेलपाटा घालू नका."

मग चौथं स्थळ आलं, आणि ते प्राजक्तानेच आणलं. ती राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे. गडमुडशिंगीची एक आत्या गुडघे घेऊन तिच्याकडे यायची आणि आत्याला गाडीवरून आणायला-न्यायला तिचा भाचा अभिजित यायचा. आत्याचे गुडघे दोन महिन्यांत बरे झाले, तरी भाचा चार महिने आणतच होता. पोरीने एका संध्याकाळी माझा हात धरून सांगितलं, "बाबा, मला तो पसंत आहे. या वेळी तरी काही करू नका. प्लीज."

तिचे डोळे भरले होते. मला फार वाईट वाटलं. मी शब्द दिला. (आणि मनात म्हटलं, गुडघे बरे झाल्यावर दोन महिने येणारा माणूस नक्की काय लपवतोय?)

पाव्हणे येणार म्हणून सुमनने घर आवरायला काढलं. आमचं घर मंगळवार पेठेत, कौलारू, पुढच्या आणि मधल्या खोलीवर मिळून एकच माळा. वर सुट्या फळ्या टाकलेल्या, त्यावर चालायचं म्हणजे जीव मुठीत. वर्षाच्या चटणीसाठी आणलेलं मिरच्यांचं पोतं आठ दिवस पुढच्या सोप्यात पडून होतं, कारण आमच्या बांबूच्या शिडीवर ते वर चढवायची कुणाची टाप नव्हती.

"पाव्हण्यांना काय पोत्यावर बसवू?" सुमन म्हणाली. "माळ्याला नीट फळ्या ठोकून घ्या, आणि ती मोबाइलवर दाखवतात तसली घडीची शिडी बसवा."

शिडी म्हणजे मोठी अक्कलहुशारीची वस्तू होती. मधल्या खोलीच्या छताला एक चौकोनी झाकण. आकडा लावलेल्या काठीने ते ओढलं की झाकण खाली येतं आणि त्याच्या पाठीवरची तीन घड्यांची शिडी उलगडते. वर गेल्यावर दोरीने ओढून घेतली की स्प्रिंगच्या जोरावर झाकण आपोआप बंद. खालून बघणाऱ्याला वाटावं, इथे काही नाहीच!

ती बसवायला शिवा मिस्त्री आला. कानावर पेन्सिल, तोंडात खिळे. पहिल्याच दिवशी खिळे बाजूला काढून त्याने विचारलं, "सर, घरात मान्सं किती?"

"का?"

"आसंच की. दुपारच्याला घरात कोन असतंय?"

माझे कान टवकारले.

"बाईंचा सोभाव चांगला वाटतोय. लेक कवा येती दवाखान्यातनं? तुमी स्वतः पान, तंबाखू, काय घेता?"

घरात माणसं किती, दुपारी कोण असतं, कोण कधी येतं! चोर याहून वेगळं काय विचारतो? त्या मिनिटापासून मी स्टूल टाकून त्याच्यासमोर बसलो तो चार दिवस उठलो नाही. तो फळी कापायचा, मी करवतीकडे बघायचो. तो पाणी प्यायचा, मी तांब्याकडे बघायचो. आजीचा तांब्याचा बंब माळ्यावरून काढून मी पलंगाखाली सरकवला आणि रात्री त्यालाच पाय लावून झोपलो.

तिसऱ्या दिवशी मला नवा संशय आला. हा जर कौलं उचकटून माळ्यावर उतरला, तर त्याच्याच शिडीने सरळ घरात येईल!

"मिस्त्री, झाकणाला खालच्या बाजूने कडी बसवा. लोखंडी."

"खालनं? आवं, वर कोनी असलं म्हंजे आडकंल की त्यो."

"तेच पाहिजे."

त्याने खिळे परत तोंडात धरले आणि कडी बसवली. जाता जाता मी पुढच्या खोलीवरच्या दोन फळ्यांमध्ये बोटभर फटही ठेवून घेतली. ती कशाला म्हणून त्याने विचारलं. मी म्हटलं, मिरच्यांना हवा लागायला.

खरी गोष्ट अशी, की पाव्हण्यांच्या कार्यक्रमात दोन मिनिटं अशी येतातच, जेव्हा घरचे सगळे पोहे आणायला आत जातात आणि पाव्हणे एकटे उरतात. माणूस खरं बोलतो ते फक्त त्या दोन मिनिटांत. आधीची तीन स्थळं ऐकायची राहून गेली. ही दोन मिनिटं मला पाहिजे होती. आणि पोरीला दिलेला शब्दही पाळला जात होता; मी पाव्हण्यांना एक अक्षर विचारणार नव्हतो!

रविवारी अकराला पाव्हणे यायचे. पावणेअकराला मी सुमनला म्हटलं, "दूध कमी पडेल. मी आणतो." ती स्वयंपाकघरातूनच "बरं" म्हणाली. मी पाय न वाजवता मधल्या खोलीत आलो, शिडी उलगडली, वर चढलो आणि दोरी ओढली. झाकण अलगद बसलं. मी नव्या फळ्यांवर पालथा पडून फटीला डोळा लावला. उजव्या कानाशी, नव्या शिडीने एकदाचं वर चढवलेलं मिरच्यांचं पोतं होतं. खालून कुठूनतरी 'खट्' असा आवाज आला, पण तेवढ्यात बाहेर गाडी थांबली आणि माझं लक्ष तिकडे गेलं.

आधी आत्या आली. मग अभिजित. मग टोपी घातलेले त्याचे वडील आनंदराव. आणि चौथा माणूस आत आला त्याला बघून मी वर गार पडलो. कानावर पेन्सिल नव्हती, पण तो शिवा मिस्त्रीच होता! इस्त्रीचा शर्ट घालून आमच्या खुर्चीत बसला होता!

"सर कुठं दिसंनात?" आनंदरावांनी विचारलं.

"दूध आणायला गेलेत. येतीलच," सुमन म्हणाली. "बसा, मी पोहे घेऊन येते."

ती आत गेली. माझी दोन मिनिटं सुरू झाली.

आनंदराव वाकून हळूच म्हणाले, "शिवा, तू आपल्या गावचा, चार दिवस हितं हुतास. म्हनून तर तुला म्हनलं, काम मिळालंय तर जरा बघून सांग. बोल आता. पोरीचा बा कसा हाय?"

म्हणजे ते प्रश्न चोराचे नव्हते! मी त्याच्यावर पहारा ठेवत होतो आणि तो माझी चौकशी करत होता! तीस वर्षं कॉपी पकडली आणि माझ्याच घरात, माझ्याच स्टुलासमोर एक माणूस चार दिवस माझा पेपर तपासत होता!

"मानूस लई संशयी हाय," मिस्त्री म्हणाला. "मी पानी प्यालो तरी तांब्या मोजायचा." मी वर दात खाल्ले. "पर एक सांगतो. दुपारच्याला लेकीचा फोन आला की त्येचा आवाजच बदलतोय. जेवलीस का, उन्हात फिरू नको, पोचलीस की फोन कर. लेकीवर जीव हाय मानसाचा. काळजीनं आसं झालंय ते."

इतकं चांगलं माझ्याबद्दल माझ्या तोंडावर कधी कुणी बोललं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं, मी नाकाने मोठा श्वास ओढला... आणि नाकाशी पोतं होतं.

"हाऽऽक्छी!"

सुमन पोह्यांच्या बशा घेऊन दारात उभी.

"वर कोन हाय?" आनंदराव म्हणाले.

"वर कुठं," सुमन शांतपणे म्हणाली. "शेजारचं असेल. पेठेतली घरं, भिंतीला भिंत."

पण आत्याने बशीला हात लावला नाही. "शेजाऱ्याची असली तरी शिंक ती शिंकच. सोयरिकीचं बोलणं निघायला आन् शिंकायला एक गाठ! एक शिंक वंगाळ. दुसरी आली की दोष जातोय. दुसरी येऊ द्या. मग बोलूया."

"आन् न्हाय आली तर?" आनंदरावांनी विचारलं.

"तर उठायचं."

सगळे छताकडे बघत बसले. प्राजक्ता चहाचा ट्रे घेऊन आली होती, तिचा चेहरा उतरला. मला फटीतून तिची नजर दिसत होती. अरे देवा! पोरीचं लग्न माझ्या नाकावर येऊन थांबलं! आणि मघाशी न बोलावता आलेली शिंक आता काही केल्या येईना. मी नाक चोळलं, कौलांतून येणाऱ्या उन्हाकडे बघितलं, दोरीचं टोक नाकपुडीत फिरवलं. काही नाही! शेवटी पोत्याचं तोंड सोडलं, डोकं आत घातलं आणि छाती भरून श्वास घेतला.

"हाऽक्छी!"

"दोन!" आत्या खुशीत म्हणाली. "जमलं!"

"हाक्छी!"

"तीन," आत्या म्हणाली. तिचा आवाज बदलला. "तीन वंगाळ."

"हाक्छी!" "चार, झ्याक." "हाक्छी! हाक्छी!" "सा. थांब म्हनावं आता!"

मी दोन्ही हातांनी नाक दाबलं, तोंड दाबलं. त्याने काय होतंय!

"हाऽऽक्छीऽऽ!"

"सात!" आत्याने कपाळाला हात लावला.

आणि तिथे नाक आटलं. मिरची डोळ्यांत गेली होती, कानांतून वाफा निघत होत्या, पण आठवी शिंक येत नव्हती. खाली अभिजित प्राजक्ताकडे बघत होता, प्राजक्ता छताकडे. शेवटी आनंदराव खुर्चीतून उठले आणि वर तोंड करून ओरडले, "ओ शेजारी! एक राहिली!"

"येत न्हाय हो!" मी वरून ओरडलो.

ते बोलून गेल्यावर मला कळलं, की शेजाऱ्याने उत्तर द्यायचं नसतं. निदान छतातून तरी नाही.

"हा तर सरांचा आवाज!" शिवा मिस्त्री म्हणाला.

मी पटकन सरपटत झाकणाकडे गेलो. वाटलं, खाली उतरून मागच्या दाराने बाहेर पडावं आणि दूध घेऊन पुढून यावं. झाकण ढकललं. हलेना. दोन्ही पायांनी दाबलं. हलेना! मी आणि मिरच्यांचं पोतं, दोघेही आत कोंडले गेलो होतो. तोवर खाली सगळं वऱ्हाड मधल्या खोलीत येऊन उभं राहिलं होतं. मिस्त्रीने आकड्याची काठी घेतली, खाट्कन कडी काढली आणि झाकण ओढलं. शिडी उलगडत खाली गेली आणि तिच्यामागून मी. तोंड लाल, डोळे सुजलेले, केसांत मिरच्यांची देठं.

"नमस्कार," मी शेवटच्या पायरीवरून हात जोडले. "या, बसा... हाऽऽऽक्छी!"

ती थेट आनंदरावांच्या टोपीवर गेली.

"आठ!" आत्याने टाळी वाजवली. "जमलं! साखर आणा!"

आनंदराव टोपी झटकत एवढे हसले, की त्यांना शिडीचा आधार घ्यावा लागला. मला मात्र माझी अब्रू वाचवायची होती. मी रुमालाने नाक पुसत मिस्त्रीवर तोंड टाकलं, "मिस्त्री, हे काय काम केलंत? कडी आपोआप कशी लागली?"

"सर, कडी आपसूक लागत न्हाय," मिस्त्री म्हणाला. "लोखंडी हाय. कुनीतरी हातानं लावल्याबिगर हालत सुदिक न्हाय."

मी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. सुमन साखरेची वाटी घेऊन आली आणि मला सोडून सगळ्यांच्या हातावर चिमूट चिमूट ठेवत फिरली.

संध्याकाळी पाव्हणे गेल्यावर मी तिला गाठलं. "कडी तू लावलीस?"

"व्हय."

"मी वर आहे हे तुला कुठे माहीत होतं?"

"चपला उंबऱ्यात, दुधाची किटली ओट्यावर. दूध आणायला माणूस अनवाणी जातंय का?" ती साखरेचा डबा बंद करत म्हणाली. "आधीची तीन स्थळं तुम्ही खाली बसला होता म्हणून मोडली. म्हटलं, या वेळी वर ठेवून बघूया."

लग्न झालं, थाटात झालं. जावई गुणी निघाला, हे मी आठ महिने नीट बारकाईने पाहून मग मान्य केलं. आता तो येणार असला की सुमन गोड आवाजात म्हणते, "अहो, माळ्यावरनं चटणीची बरणी काढून देता का?" मी काढून देतो की. नाही कशाला म्हणू? फक्त आधी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन खालची कडी सोडवतो, ती खिशात टाकतो, आणि मगच पहिल्या पायरीवर पाय ठेवतो.