गेजरावांचा मृतसाठा

ताम्हन चिंचेनं घासायला घेतलं होतं. उद्या सासऱ्यांचं श्राद्ध. अर्धं ताम्हन लख्ख झालं, अर्धं काळपट, तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून मनस्विनी ओरडली, "आई, कोट पडतोय! ये लवकर!" मी चिंचेचे हात तसेच घेऊन दारात गेले, आणि पुढं जे पाहिलं ते आज वहीत उतरवून ठेवते.

वहीत मी यांचं नाव लिहीत नाही. 'हे' लिहिते, 'यांनी' लिहिते. सदतीस वर्षांची सवय आहे. पण आजचं पान यांचंच आहे, तेव्हा नाव एकदा कागदावर यायला हवं. व्यंकटराव.

पैठणला नाथसागरावर यांनी एकतीस वर्षं एकच काम केलं. धरणाच्या पाण्याची पातळी वाचायची आणि वहीत चढवायची. पातळी मोजायच्या पट्टीला तिथं सगळे 'गेज' म्हणतात, म्हणून हे गेजवाले. पुराच्या दिवसांत तासातासाला नोंद. आमचं लग्न झालं त्या आठवड्यातही पातळी चढली होती, आणि सत्यनारायणाच्या पूजेतून उठून हे सायकलवर धरणाकडं गेले होते. मी तेव्हा रागावले होते. आता नाही रागावत.

निवृत्त झाल्यावर आम्ही संभाजीनगरात बीड बायपासच्या पलीकडं फ्लॅट घेतला. पैसे भरले तेव्हा समोर ज्वारी उभी होती. राहायला आलो तेव्हा ज्वारीच्या जागी सात इमारती होत्या आणि प्रत्येकीच्या दारात टँकर. नळाचे पाइप आले, पाणी अजून यायचंय. त्यातच पावसानं लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली. रोज सकाळी पेपरात कोपऱ्यात धरणाचा आकडा यायचा आणि हे चष्मा लावून तो आधी वाचायचे. एक दिवस तिथं छापून आलं, जिवंत साठा शून्य. हे खाली दूध आणायला गेले तर तळमजल्यावरचे सुतवणे हसत म्हणाले, "काय व्यंकटराव, तुमचं धरण आटलं की हो!"

सुतवण्यांच्या मनात काही नव्हतं. पण हे वर आले, पेपराची घडी घातली, आणि त्या दिवसापासून यांचं बोलणंच आटलं. हो. नाही. वाढ. पुरे. एवढेच शब्द. मी दुपारी मालिका बघत नसले तरी टीव्ही लावून ठेवायला लागले, घरात कुणाचा तरी आवाज असावा म्हणून. देवापाशी रोज एकच मागणं, यांना बोलतं कर.

देवानं ऐकलं, पण मार्ग असा काढला की मला कधी सुचला नसता.

आमची मनस्विनी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढते. दर रविवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर तिचा एक खेळ चालतो. सोंगट्या नाहीत, पट नाही. ती गोष्ट सांगते, बाकीचे गोष्टीतली एकेक माणसं होतात आणि काय करायचं ते बोलून ठरवतात. जमलं की फसलं ते वीस पैलूंचा एक फासा सांगतो. खेळायला चितेगावच्या कंपनीत तपासणीचं काम करणारी मोनिका येते, आणि तिचा मावसभाऊ सुदर्शन, जो घरची शेती सांभाळून शहरात इन्व्हर्टर बसवतो.

गोष्ट एल्फ लोकांची. मी विचारलं होतं, "एल्फ म्हणजे काय गं?"

"यक्ष-गंधर्व असतात ना आई, तसे समज. उंच, टोकदार कानांचे, हजार हजार वर्षं जगणारे. दुसऱ्यांच्या गोष्टींत ते जंगलात राहतात. माझे समुद्राकाठी राहतात आणि किनारा राखतात."

"तू समुद्र पाहिलायस कधी?"

"शाळेच्या सहलीत. दोन तास."

दोन तासांत पोरीनं काय काय पाहिलं होतं! तिच्या एल्फांचा कोट, वेळागड नावाचा. मूल चालायला लागलं की त्याच्या हातानं कोटात एक दगड बसवायचा. जेवताना समुद्राकडं पाठ करायची नाही. पहिला घास समुद्राला, तिथं पडलेल्या वाडवडिलांना. आणि जो कोटावर लढता लढता जाईल त्याच्या नावाचा एक शंख भिंतीतल्या कोनाड्यात. वादळ सुटलं की ते सगळे शंख आपोआप वाजतात आणि एल्फ म्हणतात, वडील बोलतायत. समोरून येणारा शत्रू म्हणजे धुक्यातली काळी गलबतं, आणि ती म्हणजे टेबलावर मांडलेले माझ्या डब्यातले काळे तीळ.

आषाढातल्या एका रविवारी हे पंखा कमी करायला म्हणून त्या खोलीत गेले आणि तिथंच उभे राहिले. कितीतरी दिवसांनी यांच्या तोंडून पुरं वाक्य निघालं. "समुद्राची पातळी किती धरलीय?"

मनस्विनी म्हणाली, "बाबा, समुद्राला कसली पातळी?"

"भरती-ओहोटी आहे ना? मग नोंद कोण ठेवतं? भरतीला गलबतं कोटाला लागतील. ओहोटीला चिखलात रुततील. वेळ माहीत नाही आणि किनारा राखतायत!"

सुदर्शन टेबलावर हात आपटून म्हणाला, "लई खरं बोलले काका! बसा, बसा."

हे बसले. यांचा एल्फ आठशे वर्षांचा, कोटावर पातळी वाचणारा. नाव विचारलं तर हे म्हणाले, "गेजराव." मोनिका हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिली. "काका, एल्फाचं नाव गेजराव?" "का? आठशे वर्षांत एखादा गेजराव झाला नसेल?"

त्या रविवारपासून घर बदललं. सोमवारी हे कोटाच्या भिंतीचा विचार करायचे. मंगळवारी मला सांगायचे, की लाटा अडवायला भिंत सरळ नको, उतरती हवी, तिच्यावर दगडांचं अस्तर हवं, धरणाला असतं तसं. मी भाजी चिरत हं हं म्हणायची आणि मनातल्या मनात देवाला हात जोडायची. फक्त एक धाकधूक होती. मनस्विनीचा नियम असा, की खेळात मेलेला परत येत नाही, आणि कोट पडला तर गोष्टच संपली. कोट पडला तर हे पुन्हा पेपराच्या घडीत जातील, एवढंच मला दिसत होतं.

म्हणून आज ती ओरडली तेव्हा मी हातही न धुता धावले.

टेबलभर तीळ. कोटाची ताकद मनस्विनी कागदावर लिहीत असते, तिथं तिनं शून्य काढलं होतं. मनस्विनी हळूच म्हणाली, "बाबा, संपलं. शून्य."

यांनी चष्मा काढून पुसला. "शून्य म्हणजे जिवंत साठा शून्य."

"म्हणजे?"

"धरणाच्या सगळ्यात खालच्या दरवाजाच्याही खाली पाणी असतं. दरवाजा उघडला तरी ते येत नाही, म्हणून हिशोबात धरत नाहीत. त्याला मृतसाठा म्हणतात. आज सकाळी तू तोंड धुतलंस ते पाणी कुठलं? टँकरवाला कुठून आणतो? सगळं शहर आत्ता मृतसाठाच पितंय. आटलं म्हणणाऱ्यांना म्हणावं, पंप लावून उपसावं लागतं. वेळागडाचाही असेल."

मनस्विनी म्हणाली, "आहे. शंखांतले पितर. पण त्यांना एका वेढ्यात एकदाच बोलावता येतं, आणि तुम्ही तीन रविवारांपूर्वी बोलावलंत. फासा दोनवर पडला. आले नाहीत."

"बोलावलं कसं होतं मी? वाच."

तिनं वही काढून वाचलं, "गेजरावांनी ओंजळीत समुद्राचं पाणी घेतलं आणि बोटांच्या टोकांवरून सोडलं."

मला राहवलं नाही. "अगं, बोटांच्या टोकांवरून देवांना देतात! पितरांना अंगठ्याच्या बाजूनं. असं लिहिलंस तू?"

"मला काय माहीत आई? बाबा फक्त बोलावतो म्हणाले, पाणी कसं सोडलं ते मी मनानं लिहिलं. बाबा दरवर्षी करतात तेव्हा मी स्वयंपाकघरात तुझ्या हाताखाली असते."

यांनी माझ्याकडं पाहिलं. असे डोळे मी पुराच्या दिवसांनंतर पाहिले नव्हते. मग मनस्विनीकडं वळून अगदी ऑफिसातल्या आवाजात म्हणाले, "म्हणजे अर्ज चुकीच्या खात्यात गेला. पितरांच्या टेबलावर तो आलाच नाही. मग त्यांनी नाकारला असं कसं म्हणता येईल? योग्य खात्यात नव्यानं दाखल करून घ्या."

सुदर्शन ओरडला, "व्हय! मंजूर करा मॅडम!"

मनस्विनी पेन चावत बसली. तिचं वडिलांवर प्रेम आहे, पण खेळात ती लाड करत नाही. शेवटी म्हणाली, "मंजूर. अठरा लागतील. फासा टाका. कमी पडले तर एकेका मेलेल्याचं नाव घ्यायचं आणि त्यानं काय राखलं ते सांगायचं. नावाला एक."

हे उठले. "दक्षिण कुठं?" म्हणाले. दक्षिणेला आमचा फ्रिज आहे. खुर्ची फ्रिजकडं वळवली. खांद्यावरचा पंचा डावीकडून उजवीकडं घेतला. मला म्हणाले, "ताम्हन दे." मी कचरले. खेळात ताम्हन? पण मंत्र नाही, संकल्प नाही, नुसतं पाणी, आणि यांचा चेहरा. दिलं. अर्धं लख्ख, अर्धं काळं, तसंच. "तीळ?" शत्रूची गलबतं होती तीच मोनिकानं गोळा करून यांच्या हातावर ठेवली.

फासा बारावर थांबला. सहा नावं हवी होती.

यांनी अंगठ्याच्या बाजूनं पाणी सोडलं. "कडुबा. धरणाचा चौकीदार. पुराच्या वर्षी कमरेला दोर बांधून दरवाजावर उभा राहिला आणि अर्ध्या अर्ध्या तासाला मला पातळी ओरडून सांगितली."

मनस्विनी म्हणाली, "बाबा, हे वेळागडचे नाहीत."

"वेळागड कशाचा आहे? दगडाचा ना? मग पुढचं नाव सारजाबाई. बांधावरचे दगड तिनं डोक्यावरून वाहिले. तिनं बसवलेला एक दगड अजून हललेला नाही." पाणी सोडलं. मनस्विनीनं लिहून घेतलं.

"फकिरा. होडीवाला. होडी डुलायला लागली की माझी वही आपल्या सदऱ्याखाली धरायचा. एकतीस वर्षांत एक पान भिजलं नाही."

"बद्रीनाथ. दरवाजांच्या चक्रांना तेल घालायचा. त्याच्या पाळीत दरवाजा कधी अडकला नाही."

मग यांनी ओंजळ पुन्हा भरली. "माझे वडील. त्यांनी शिकवलं, आकडा खोडायचा नाही. चुकला तर रेघ मारायची, शेजारी बरोबर लिहायचा आणि सही करायची."

मी मागं जाऊन गॅस बंद करून आले. कुकरची शिट्टी आत्ता नको होती.

सुदर्शन बोटं मोजत होता. "काका, सतरा झाले. एकच पायजे."

यांनी डोळे मिटले, उघडले. नाव आठवत नव्हतं असं नाही. उगाच घेतलेलं नाव चालणार नव्हतं. नोंदीचा माणूस खोटा आकडा घालत नाही. मोनिका पुढं सरकून म्हणाली, "काका, माझ्या आजोबांचं घ्या ना."

"त्यांनी काय राखलं ते मी पाहिलं नाही पोरी. मी न पाहिलेलं लिहीत नाही." मग हे मनस्विनीला म्हणाले, "एक मेलेला कमी पडतोय ना? लिही. गेजराव समुद्राच्या बाजूचा दरवाजा बाहेरून लावून घेतो. कोटाच्या बाहेर उभा राहतो. शेवटची पातळी आत ओरडून सांगतो, आणि जातो. गेजराव. आठशे वर्षं नोंद ठेवली." आणि ताम्हनात शेवटचं पाणी सोडलं.

अठरा.

मनस्विनीनं सांगायला सुरुवात केली, की भिंतीतले सगळे शंख एकदम वाजायला लागले, पण तिला पुढं बोलताच येईना. तेव्हा सुदर्शननंच दोन्ही हात तोंडाशी धरून शंखासारखा आवाज काढला, इतका मोठा की वरच्या मजल्यावरून कुणीतरी जमिनीवर ठोकलं. धुकं फाटलं. गलबतं परतली. किनारा राहिला.

सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी मात्र यांच्याकडं बघत होते. गेजराव गेला. मेलेला परत येत नाही. म्हटलं, आता?

हे पंचा पुन्हा डाव्या खांद्यावर घेत म्हणाले, "मनू, पुढच्या रविवारी कुणी पितरांना बोलावलं तर?"

"तर तुम्हाला यावं लागेल, बाबा. तुमची खुर्ची इथंच आहे."

"अंगठ्याच्या बाजूनं बोलवा मात्र. आणि गेजराव लढाईत गेलाय, त्याचं श्राद्ध चतुर्दशीला. उगाच भलत्या तिथीला करू नका."

"अहो, एल्फाचं श्राद्ध मी घालणार नाही," मी म्हटलं.

"घालू नकोस. एक घास जास्त काढ."

एवढं मी करीन.

पाच वाजता टँकर आला. हे काठी घेऊन खाली गेले, टाकीत किती पाणी पडलं ते मोजायला. गॅलरीतून मी ऐकत होते. सुतवण्यांनी विचारलं, आता धरणाचं कसं काय, आणि हे त्यांना जिवंत साठा, मृतसाठा, खालचा दरवाजा, पंप, सगळं काठीनं जमिनीवर काढून समजावत होते. चांगली वीस मिनिटं. सुतवणे दोनदा जायला निघाले, दोनदा यांनी त्यांना थांबवलं. मला इतका अभिमान वाटला की मी शेजारच्या वच्छलाबाईंना हाक मारून म्हटलं, "बघा, आमचे हे बोलतायत." त्यांना काही कळलं नाही. त्या म्हणाल्या, "बोलणारच की, माणूस आहे."

ताम्हनाचा राहिलेला अर्धा भाग आता घासून ठेवला. डबा उघडला तर तीळ संपलेले. काही ओले झाले, काही टेबलाखाली गेले. उद्या सकाळी पहिल्या रिक्षानं गुलमंडीवर जाऊन पावशेर काळे तीळ आणायचे आहेत.