माहेरचा पास

चुलीसमोर घामाघूम झाली तरी मावशी डोक्यावरचा पदर ढळू देत नसे. घसरला की पिठाच्या हातानेच पुढे ओढायची. मी चिडायचे, "अहो, इथे कोण बघतंय तुम्हाला?" तर म्हणायची, "सासर होय बाई हे. पदर मायेरात खाली येते."

मोहर्लीला आमच्या घरी ताडोबा बघायला आलेली कुटुंबं उतरतात. मावशी त्यांचा स्वयंपाक करायची. सुट्टीत फिरायला गेलात की ही चर्चा तुमच्याही घरात होत असेल: पास काढायचा का, एक फेरी पुरे की दोन, वाघ नाही दिसला तर पैसे पाण्यात! बोलून दमले की लोक मावशीला विचारायचे. ती भाकर वाढत म्हणायची, "आपापल्या मनावर हाय बाप्पा." परतलेल्यांना मात्र तिचा एकच प्रश्न असे, "तळ्यापाशी चिंच दिसली का?" कधी कुणाला दिसली नाही. वाघ शोधणाऱ्याला चिंच कशाला दिसते!

ती चिंच तिच्या माहेरच्या अंगणातली. गाव जंगलातून उठवलं, माणसं बाहेर वसली, झाड तिथेच राहिलं. मी कितीदा म्हटलं, तुमच्या नावाचा पास काढू. ती फणकारायची, "मायेरले जाले पास काऊन लागते? मी नाई जात."

मग तिचा एकुलता भाऊ वारला. तेव्हापासून तिने चिंचेचं विचारणंही सोडलं.

त्या दिवाळीत माझी बहीण नागपूरहून नवऱ्याला आणि मुलांना घेऊन आली. पहिल्या फेरीत वाघ नाही. दुसऱ्या फेरीवरून जेवतानाच नवरा-बायकोत जुंपली. मेहुणे म्हणाले, "झाडंच बघायची तर नागपुरात काय कमी आहेत?"

मावशी वाढता वाढता थांबली. "काढा जी पास. मीबी येतो. भाऊ होता तं मायेर होतं. आता चिंचच राह्यली."

 मेहुण्यांनी तिच्याही नावाचा पास काढला.

नवं लुगडं नेसून ती आमच्याबरोबर उघड्या जिप्सीत बसली. तळ्याच्या वळणावर चालकाने गाडी थांबवली. चिंच उभी होती. खाली घरांची जोती, त्यांवर गवत. उतरायची परवानगी नव्हती. मावशी दांडा धरून बघत राहिली. मग तिने दोन्ही हातांनी डोक्यावरचा पदर उतरवला आणि खांद्यावर घेतला. तिचे पांढरे केस असे उघडे मी पहिल्यांदाच पाहिले. मला रडू आवरेना.

तेवढ्यात पलीकडे सांबर ओरडलं. म्हणजे वाघ जवळच असणार. मुलं उठून उभी राहिली, चालकाने किल्लीला हात घातला. मेहुणे म्हणाले, "राहू द्या. थांबा थोडं."

वाघ काही दिसला नाही. गाडी हलली तसा मावशीने पदर पुन्हा डोक्यावर घेतला.

या उन्हाळ्यात ती गेली. शेवटची तयारी करताना बायकांनी तिच्या डोक्यावर पदर नीट ओढून दिला. मी पुढे झाले आणि तो खांद्यावर उतरवला.

"हे काय करून राह्यली बाई?" एकजण म्हणाली.

"असू द्या," मी म्हटलं. "माहेरी निघाली ती."