बिनतोटीचा नळ

कुंताआत्यांनी माझं नाव विचारायच्या आधी माझ्या हातात घागर दिली. मी शाळेवर नवा मास्तर. त्यांची खोली भाड्यानं मिळते का बघायला गेलो होतो आणि नेमका तेव्हाच नळ आला होता. "उभं कावून ऱ्हायलाव? धरा की!" धरली. हंडे, पिंप, सगळं भरून झाल्यावर पदरानं तोंड पुसत त्यांनी विचारलं, "हां, कोन म्हनलाव तुमी?"

आमच्या गावात पाणी येत नाही, नळ येतो. आठवड्यानं येतो आणि तासाभरात जातो. त्यात आमची माळावरची गल्ली सगळ्यात उंच. खालच्या पेठेतली पिंपं ओसंडली की मग आमच्याकडे करंगळीएवढी धार. आत्यांच्या नळाला तर तोटीच नव्हती. विचारलं तर म्हणाल्या, "कशाला? त्यो आपला आपुन बंदच ऱ्हातोय की!"

नळाच्या दिवशी दारात येईल तो आत्यांचा गडी. चकलांब्याहून नातीला बघायला आलेल्या पाहुण्यांनाही त्यांनी उठवलं. मुलाचे वडील भरल्या हंड्यासकट फरशीवर घसरले, तरी सोयरीक जमली. "पडले, पर हंडा सांडू दिला न्हाई. मानसं चांगली हायती," हा आत्यांचा निकाल.

मग नवी पाणीयोजना आली. एक तरुण इंजिनिअर घरोघर विचारत फिरू लागला. "आजी, नळ आहे का?"

आत्या शेंगा फोडत होत्या. "न्हाई बा. सोमवारी आलता, गेला."

त्यानं लिहून घेतलं, नळ नाही. शेजारणींनीही आत्यांचीच री ओढली. नगरपालिकेत नकाशा लागला तेव्हा नवे पाईप नळ असलेल्या गल्ल्यांना होते आणि आमच्या गल्लीच्या जागी कोरा माळ.

मी घरी येऊन सांगितलं, तशा आत्या मटकन खाली बसल्या. "माज्या तोंडानं गल्ली बुडाली की वो, मास्तर!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी इंजिनिअरला हाताला धरून आणलं, नळापुढं पाटावर बसवलं, चहा दिला. "बघा सायेब. ह्यो नळ हाय, पर येत न्हाई. आलता म्हंजी पानी आलतं. कळलं का?"

"पण आजी, तोटी कुठाय?"

"तुमी पानी आना, तोटी म्या आनते!"

पोरगं हसत सुटलं. पण चहा संपेपर्यंत त्याची नजर माळावरून फिरत होती. टाकी इथं बांधली तर उंचावरून पाणी सगळीकडे उतरेल, हे त्याच्या ध्यानात आलं. नव्या नकाशात गल्ली आली आणि टाकीही माळावर चढली.

काम रखडायचं तसं रखडलं. आत्या रोज टाकीपाशी जायच्या आणि नव्या सिमेंटवर पाणी मारणाऱ्या गड्याला दटावायच्या, "लई सांडू नको रे!" टाकी पुरी झाली आणि आत्या गेल्या.

त्यांच्या तेराव्याला मी पंगतीत बुंदी वाढत होतो. तेवढ्यात अंगणातून ओरड आली, "नळ आला!" झालं, अर्धी पंगत उष्ट्या हातानं उठली. चकलांब्याच्या व्याह्यांनी सवयीनं हंडा उचलला. मनगटाएवढी धार! घागरी भरल्या, पिंपं भरली, बुंदीचं पातेलंसुद्धा धुऊन भरलं, तरी नळ जाईना. मग सगळ्यांच्या ध्यानात आलं, बंद करायला तोटीच नाही. ती आत्या आणणार होत्या.

व्याही तोटी आणायला पेठेत पळाले. मी नळावर तळहात दाबून उभा राहिलो. बोटांमधून पाणी उसळून तोंडावर येत होतं, सगळे हसत होते, आणि मला रडू आवरेना. मागून एक हाक यायला हवी होती.

"उभं कावून ऱ्हायलाव, मास्तर?"