नवव्या माणसाला जागा नाही

मालकाच्या वडिलांना मी भर डेमोत गायब केलं.

स्क्रीनवरून, अर्थात. नव्वदीच्या दशकातली मधली वर्षं. कुवेत सिटीतल्या एका ऑफिसात मी टीव्हीला जोडायच्या गेम कन्सोलसाठी प्रोग्रॅम लिहायचो. मालकाचे वडील तरुणपणी मोती काढणाऱ्या बोटीचे कप्तान होते. त्या बोटीवर गेम करायची मालकाची फार हौस. आठ वल्हेकरी आणि मागं उभे वडील. डेमोत वल्हेकरी आठही दिसले. वडिलांच्या जागी नुसतं मुंडासं हवेत तरंगत होतं.

"वेन अबूय?" मालक म्हणाला. माझे वडील कुठायत?

"सर, छोटासा बग आहे."

"बुधवारी ते स्वतः बघायला येतायत. त्यांना पसंत पडलं तर गेम होईल. नाहीतर तुझा इकामा रिन्यू करत नाही. तिकीट काढतो."

इकामा म्हणजे तिथं राहायचा परवाना. तो दिवस सोमवार.

झालं होतं ते असं. हलणाऱ्या चित्राला स्प्राइट म्हणतात. एका आडव्या ओळीत ते मशीन आठच स्प्राइट दाखवायचं. नववा आला की मुकाट्यानं गाळायचं. हे मला चांगलं ठाऊक होतं. पण माझे वल्हेकरी मुळात सहाच होते. डेमोच्या सकाळी मालक म्हणाला, आठ होते. मी दोन वाढवले, पीसीवर पाहिले, झकास दिसले. पीसीला ही अट नाही! मग गेमच्या कार्ट्रिजमधल्या चिपवर प्रोग्रॅम भरला आणि ती कार्ट्रिज न तपासता थेट मीटिंगमध्ये नेऊन कन्सोलात खोचली. कप्तान जरा उंचावर उभे, म्हणून मुंडासं तेवढं ओळीच्या वर वाचलं.

ग्राफिक्स काढायचे इब्राहिमभाई. दाभोळचे. आजोबांचं स्वतःचं गलबत होतं, त्यामुळे मला ते समुद्रातलं काहीच कळत नाही असं धरून चालायचे. खरंच होतं ते, मी पुण्याचा.

"नाखव्याला यादीत शेवटी कशाला टाकलास, देशमुखा?"

"यादी डावीकडून लिहिली. बोटीची मागची बाजू उजवीकडे आहे."

"मालक उजवीकडून वाचतो. त्याचा बाप पहिला. तू त्याला नववा केलास."

यादी उलटी केली. कप्तान आले, डावीकडचा एक वल्हेकरी गेला.

"चालेल?" मी विचारलं.

"म्हाताऱ्याला आठांची नावं पाठ असणार. आमच्या आजोबांना होती."

मंगळवारी मी पाळ्या लावल्या. प्रत्येक फ्रेमला वेगळा माणूस गाळायचा, म्हणजे डोळ्याला सगळे दिसतात. दिसले. पण अख्खी बोट हिवताप भरल्यासारखी थरथरत होती. चहा तीनदा गार झाला. खुर्चीत बूड टिकेना. मी खिडकीपाशी जायचो, परत यायचो, चिप पुसायचो, भरायचो.

"बॅकग्राउंडला किती माणसं चालतात?" इब्राहिमभाईंनी सहज विचारलं.

मागचं स्थिर चित्र हा वेगळा प्रकार. त्याला आठाची अट नाही. मी बोट आणि वल्हेकरी उचलून सरळ मागच्या चित्रात टाकले. स्प्राइट उरले एकटे कप्तान. फक्त आता बोट पुढं सरकवता येईना. मग बोट जागेवर ठेवली आणि लाटा मागं पळवल्या. या वेळी खऱ्या मशीनवर अकरा वेळा पाहिलं.

बुधवारी म्हातारे काठी टेकत आले. टीव्हीच्या अगदी जवळ बसले. बोटानं एकेक वल्हेकरी मोजत नावं घेऊ लागले. आठवं नाव झालं. मग कप्तानावर बोट ठेवून स्वतःशीच हसले. मालकानं माझ्याकडे बघून मान हलवली. इकामा वाचला.

त्यातून मी एक शिकलो. मशीनच्या अटी पाठ असून भागत नाही, मशीनही चालू करून बघावं लागतं.

म्हातारे उठले आणि अरबीत काहीतरी म्हणाले. मालक खो खो हसला. मी इब्राहिमभाईंना विचारलं, काय म्हणाले?

"म्हणाले, बोट माझीच आहे. पण वल्ही हातात धरून सगळे नुसते बसलेत. चित्र काढताना समोर या हिंदी इंजिनिअरला बसवलं होतं का?"