पळालेल्या पथकाचा नियम

मला बघायला आले तेव्हा ह्यांच्या मामांनी माझ्या हातात इंग्रजी वर्तमानपत्र दिलं आणि म्हणाले, "वाच बाळ, मोठ्याने." निफाडच्या आमच्या ओटीवर बसून मी अख्खा रकाना वाचून दाखवला. ह्यांना मात्र कुणी काही वाचायला सांगितलं नाही. मुलगा बी.ए. आहे म्हटल्यावर कोण सांगणार? मी मुळातच संशयी. मला ते तेव्हाच खटकलं होतं.

ऐंशीच्या सुमारास आम्ही देवळाली कॅम्पात बिऱ्हाड केलं. हे बाजारातल्या एका दुकानात मॅनेजर होते. बदली झालेल्या एका मिलिटरी साहेबाने घरातलं सामान विकायला काढलं, त्यातून ह्यांनी एक खोका आणला. आत बोटाएवढे शिशाचे सैनिक, दाढीवाले बुटके, घोडेस्वार, एक शिंगवाला राक्षस आणि नियमांचं इंग्रजी पुस्तक.

"युद्धाचा खेळ आहे," हे म्हणाले. "मी वाचून सांगतो, तू ऐक."

नियम असे. सहा सैनिकांचं एक पथक. दोन पथकं भिडली की पुढच्या रांगेतल्या प्रत्येकासाठी एक फासा टाकायचा. चार किंवा जास्त पडले की वार लागला. ज्याला लागला त्याने ढालीचा फासा टाकायचा, पाच-सहा आले तर वाचला. बाजूने हल्ला केला तर दुप्पट फासे. अर्धं पथक मेलं की धीराचा फासा. तो चुकला की पथक पळालं, आणि पळालेलं पथक बाद, थेट खोक्यात.

मंगळवारी दुकान बंद असायचं. जेवणं आटोपली की सतरंजीवर आमची लढाई जुंपायची. तिकडे मिलिटरीच्या तोफांचा सराव सुरू झाला की हादऱ्याने सैनिक आडवे व्हायचे, आणि आडवा झालेला मेला की नाही यावर आम्ही भांडायचो. खरं सांगते, मला फार मजा यायची.

पण एका मंगळवारी राक्षस ह्यांच्या बाजूला होता, तेव्हा त्याला धीराचा फासा टाकावा लागत नव्हता. पुढच्या मंगळवारी राक्षस माझ्या बाजूला आला आणि टाकावा लागायला लागला. "कुठे लिहिलंय?" म्हटलं की हे पानं चाळायचे, एखाद्या चित्रावर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, "हे काय." डाव संपला की पुस्तक कपाटावरच्या ट्रंकेत.

मग मी बाकीचंही बघू लागले. तार आली की हे ती पोस्टमनकडूनच वाचून घेत. औषधाच्या बाटलीवरचं मला विचारत, वर "तुझी परीक्षा घेतोय" म्हणून हसत. माझ्या मनात पाल चुकचुकली.

हे दुकानात गेले की मी ट्रंक उतरवायची आणि शाळेतली डिक्शनरी घेऊन बसायची. आठवडाभर बसले. पुस्तकातलं युद्ध वेगळंच होतं. बाजूच्या हल्ल्याला दुप्पट फासे नव्हते, ढालीचा हिशेब निराळा होता. ह्यांच्या नियमांतला एकही नियम धड जुळेना. चित्रं तेवढी तीच होती.

मंगळवारी सतरंजी अंथरल्यावर मी पुस्तक ह्यांच्या हातात दिलं. "वाचा," म्हटलं. "मोठ्याने."

ह्यांनी पुस्तक मिटून सतरंजीवर ठेवलं. मग म्हणाले, "नाही येत. नववीत शाळा सुटली माझी. बी.ए. मामांनी सांगितलं, मी गप्प बसलो."

"आणि हे नियम?"

"चित्रं बघून रचले. पहिल्या दिवशी वाचतो म्हणून बसलो, मग माघार घेता येईना."

माझं डोकंच फिरलं. फसवणुकीचा राग होताच, पण एवढा खेळ मनाने रचणाऱ्या माणसाला खोट्या बी.ए.ची गरज का पडली, याचा त्याहून जास्त आला. पिशवीत दोन साड्या कोंबल्या आणि निफाडला निघाले.

हे दारात उभे होते. अडवलं नाही. एवढंच म्हणाले, "पळालेलं पथक बाद असतं. तू गेलीस की संपलंच."

"तो तुमचा नियम!" मी ओरडले. "पुस्तकात तसं नाहीये."

रागातसुद्धा मला चुकीचा नियम सहन होईना. पिशवी खांद्याला तशीच ठेवून मी पान काढलं आणि मराठीत सांगितलं: पळालेलं पथक पुढच्या डावात परत फिरवता येतं. त्याच्या नायकाने फासा टाकायचा. पाच किंवा सहा पडायला हवेत.

हे सतरंजीवर बसले. फासा मुठीत बराच वेळ घोळवला आणि टाकला. दोन पडले.

ह्यांनी मान खाली घातली. मी पुन्हा पुस्तकात बघितलं.

"आणखी एकदा टाकता येतो," मी म्हटलं.

ह्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. "कुठे लिहिलंय?"

मी राक्षसाच्या चित्रावर बोट ठेवलं. "हे काय."