सरावाचं मशीन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, भिंगारच्या शाळेपासूनच्या मैत्रिणीलाही नाही. एकदा तिच्याशी बोलताना तोंडापर्यंत आलं होतं – मग मी चहाचं विचारलं.

मी कमी बोलते, हे मला ओळखणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. लाजाळू आहे म्हणतात. माझ्या गप्प बसण्यावर कुणाला कधी संशय आला नाही, कारण मी तशीही गप्पच असते. याचा मला किती फायदा झाला, ते आता कळेल.

माझं काम असं: रुग्णालयांमधली कागदी केसपेपरांची पद्धत बंद करून सगळ्या नोंदी संगणकावर आणायच्या. त्यासाठी आम्ही जे सॉफ्टवेअर वापरतो ते कुणा एका कंपनीचं नाही. जगभरातले लोक मिळून ते बनवतात, कुणीही घ्यावं, बदलावं. पुण्याच्या एका छोट्या कंपनीने मला जामखेडच्या बाजूला एका ट्रस्टच्या रुग्णालयात हे बसवायला पाठवलं. माझं पहिलंच स्वतंत्र काम. भिंगारहून एसटीने जायचे, संध्याकाळी परत.

एक्स-रेच्या खोलीमागे एक लहान खोली होती, पूर्वी तिथे चादरी ठेवत. तिथे सर्व्हर ठेवला. यंत्र एकच, पण त्याच्या पोटात मी दोन आभासी मशीन उभी केली होती – दोन वेगळे संगणकच म्हणा. एक खरं, एक सरावाचं. दिसायला अगदी सारखी. सरावाच्या मशीनवर नर्सेसनी हवं ते करावं, चुकावं. संध्याकाळी मी एक बटण दाबायचे आणि ते मशीन जिथून निघालं त्या जागी परत जायचं. दिवसभराचं सगळं जायचं, नुसतं पुसलं जायचं नाही – झालंच नव्हतं, असं व्हायचं. मला ते बटण आवडायचं. हे आधीच सांगून ठेवते.

शिकणाऱ्यांमध्ये सगळ्यात उत्साही होत्या बायकांच्या वॉर्डातल्या साळवे सिस्टर. पन्नाशीला आलेल्या, चष्मा कपाळावर, बोलणं मोठ्याने. सरावासाठी खोटे पेशंट लागायचे, तर त्यांनी पहिल्याच दिवशी आपल्या सासूचं नाव घातलं आणि तिला यादीतला एकेक आजार लावत गेल्या. “मॅडम, अजून काही शिल्लक आहे का हो? तेवढाच माझा जीव थंड होतो,” म्हणाल्या. संध्याकाळी मी बटण दाबलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, “बरी झाली वाटतं म्हातारी?” सगळा वॉर्ड हसला. मीही. माझं इंग्रजी शाळेतलं मराठी त्या दुरुस्त करायच्या, मी त्यांचा माऊसवरचा हात सरळ करायचे.

त्या वॉर्डात एक जुनी रीत होती. एखाद्या बाईला कुठलं औषध सोसत नसेल तर तिच्या खाटेच्या डोक्याकडच्या दांडीला लाल रिबीन बांधायची – शाळेतल्या मुली वेणीला बांधतात तसली. रिबीन दिसली की सुई भरणारा हात थांबतो आणि विचारतो. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये तीच सोय होती. औषधाची ॲलर्जी नोंदवली की त्या पेशंटच्या नावावर लाल पट्टा यायचा. रिबिनी काढून टाकायच्या, असं मी ठरवलं. लोक जुनं धरून बसले तर नवीन कधीच रुजत नाही, असं आम्हाला शिकवलं होतं. साळवे सिस्टरांनी हरकत घेतली नाही. उलट त्यांना पट्टा फार आवडला. ज्या बाईची नोंद झाली तिची रिबीन सोडायची, असं ठरलं.

खरं काम सुरू होण्याच्या आदल्या संध्याकाळी सिस्टर म्हणाल्या, शेवटचा सराव आपल्या वॉर्डातल्या खऱ्या नावांवर करून बघू. म्हणून मी खऱ्या मशीनची हुबेहूब प्रत काढली आणि ती सरावाचं मशीन म्हणून लावली. आता दोन्हीकडे तीच नावं, त्याच खाटा. फरक एवढाच, की सरावाच्या पडद्यावर वर कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘सराव’ लिहिलेलं होतं. अक्षर मोठं करायचं, रंग बदलायचा, हे माझ्या मनात होतं. राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वॉर्डाचा संगणक मला खऱ्या मशीनला जोडायचा होता. मी पोहोचले तर संगणकांची पूजा चाललेली. खाली रांगोळी, कीबोर्डवर हळदकुंकू, पडद्यावर झेंडूचा जाड हार. ट्रस्टी, डॉक्टर, नारळ, पेढे. गर्दीतून पुढे जाऊन, हार बाजूला करून, जरा थांबा म्हणायचं – एवढंच होतं. बाकीचे वॉर्ड मी आधी केले होते. हाही केला असंच मला वाटत होतं का? नाही. तो राहिलाय हे मला पेढा खाताना माहीत होतं. मला गर्दीत बोलायची लाज वाटली. मग दुसरीकडून हाक आली, मी गेले, आणि विसरले.

हार वरच्या काठावर होता. ‘सराव’ हा शब्द फुलांच्या मागे होता.

दिवसभर साळवे सिस्टरांनी नोंदी भरल्या. दुपारी मला भेटल्या, तेव्हा त्यांच्या हातात सोडलेल्या रिबिनींची मूठ होती. “घ्या मॅडम, तुमच्याकडेच ठेवा. आता आमचं सगळं तुमच्या डब्यात,” म्हणाल्या. मी त्या पर्समध्ये टाकल्या.

संध्याकाळी, ऊन अजून होतं, मी सर्व्हरच्या खोलीत गेले. सवयीने सरावाचं मशीन उघडलं आणि बटणाकडे गेले. तिथे त्या दिवसाच्या नोंदी होत्या. खऱ्या. बायकांच्या वॉर्डातल्या सगळ्या. यंत्राचा पंखा घोंगावत होता आणि मी उभी होते.

काय करायला हवं होतं, ते मला येत होतं. नोंदी तिथून उचलून खऱ्या मशीनवर न्यायच्या. तासाभराचं काम. पण त्याआधी मोठ्या डॉक्टरांना सांगावं लागलं असतं, की एक अख्खा वॉर्ड दिवसभर चुकीच्या ठिकाणी चालला. आणि सकाळी पुण्याहून आमचे सर येणार होते, दोन्ही मशीन तपासायला. सरावाच्या मशीनवर खऱ्या नोंदी दिसल्या असत्या तर त्यांनी काही विचारलंच नसतं, नुसतं माझ्याकडे पाहिलं असतं.

मी स्वतःला समजावलं – ताप, रक्तदाब, एवढंच तर आहे. उद्या सिस्टरांना सांगू, पुन्हा एकदा भरा. त्या हसतील आणि भरतील.

बटण दाबलं.

मी खूप दिवस स्वतःला असं सांगत आले, की मी फक्त नावं पाहिली, आत काय आहे ते पाहिलं नाही. आता इथेही तसंच लिहून पुढे जाणार होते. पण ते खरं नाही. नावांवरचे लाल पट्टे दिसण्यासाठी आत जावं लागत नाही. मीच तसं करून घेतलं होतं, दुरूनही दिसावेत म्हणून. हौसाबाई हे नाव मी वाचलं. त्यावर लाल पट्टा होता, तोही पाहिला. आणि पर्समध्ये रिबिनी होत्या. पर्स खांद्यावर होती.

मग मी त्या वॉर्डाचा संगणक खऱ्या मशीनला जोडला आणि एसटीने घरी गेले. जेवले. झोप लागली.

हौसाबाई खर्ड्याकडच्या. पायाची जखम चिघळली म्हणून सून त्यांना घेऊन आली होती. रोज रुग्णालयाच्या दारातल्या नळावर पाणी भरताना ती सून मला दिसायची. सकाळी जखम जास्त दिसली म्हणून ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी इंजेक्शन बदललं. त्यांनी पडदा पाहिला. नावावर पट्टा नव्हता. सकाळपाळीच्या सिस्टरने खाटेची दांडी पाहिली, रिबीन नव्हती.

मी बसमधून उतरून फाटकात आले तेव्हा ॲम्ब्युलन्स नगरकडे निघत होती. सून मागे धावत होती, पायात एकच चप्पल. मग थांबली आणि माझ्याकडेच वळून म्हणाली, “आमी सांगितलं हुतं की. तसली सुई टोचली की आत्याबाईच्या अंगावर गांधी उठत्यात, दम लागतो, समदं सांगितलं हुतं. चष्म्यावाल्या बाईला.” मी काय म्हणाले? काहीच नाही. मी कमी बोलते.

हौसाबाई वाचल्या. श्वास बराच वेळ अडकला होता. त्या आता सुनेला ओळखत नाहीत. भरवावं लागतं.

दुपारी मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत सगळे बसले. साळवे सिस्टर उभ्या होत्या. त्या एकच सांगत होत्या, मी भरलं होतं, सगळ्यांचं भरलं होतं, लाल पट्टा आला तेव्हाच रिबीन सोडली. खऱ्या मशीनवर त्यांच्या वॉर्डाचं त्या दिवसाचं एकही अक्षर नव्हतं. डॉक्टरांनी मला विचारलं, “सिस्टीममध्ये आहे का?”

“नाही, सर.”

“भरलेलं उडून जाऊ शकतं?”

“सेव्ह केलेलं जात नाही, सर.”

दोन्ही उत्तरं खरी होती. खऱ्या मशीनबद्दल विचाराल तर अगदी खरी. माझ्या शेजारी बसलेल्या आमच्या सरांनी मान हलवली. मी काहीच चुकीचं बोलले नाही म्हणून त्यांना बरं वाटलं असावं.

इतकंच असतं तर मी हे भित्रेपण म्हटलं असतं. पण नंतर साळवे सिस्टर माझ्यामागे त्या लहान खोलीत आल्या. दार लोटलं. इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

“मॅडम, तुम्हीच सांगा. मी सेव्ह दाबलं नसेल का हो?”

त्या माझ्याकडे पाहत होत्या – मास्तरांकडे पाहावं तशा. माझ्याहून दुप्पट वयाची बाई. मला एवढंच म्हणायचं होतं, की दाबलं होतं.

मी म्हणाले, “होतं असं कधी कधी.”

त्यांनी मान डोलावली. हात पदराला पुसले. मग त्या सुनेकडे गेल्या आणि व्हरांड्यात तिच्या पाया पडल्या. सगळ्यांसमोर. मी खिडकीतून पाहिलं.

त्यांनी नोकरी सोडली. काढलं असं कुणी म्हणालं नाही. पुढे मी सरावाच्या पडद्याला चारी बाजूंनी जाड पट्टी लावली, हाराने झाकली तरी दिसेल अशी, झेंडूच्या रंगाची. हा रंग का, असं कुणी विचारलं नाही. ती कल्पना मी त्या जगभरातल्या लोकांना पाठवली, त्यांना आवडली. आता हे सॉफ्टवेअर जिथे जिथे बसतं तिथे ती पट्टी जाते आणि तिच्यासोबत माझं नाव. परवा एका नव्या रुग्णालयात माझी ओळख करून देताना सर म्हणाले, हिला चुका आधी दिसतात.

साळवे सिस्टरांची मुलगी मला मागच्या महिन्यात जामखेडच्या स्टँडवर भेटली. मी तिच्या आईची चौकशी केली. ती हसत सांगत होती – आईचं काही खरं नाही, गॅस बंद केला का म्हणून शेजारणीला पाहायला लावते, कुलूप लावून निघते आणि फाट्यावरून परत येते. “स्वतःच्या हातावर भरवसाच नाही तिचा. म्हणते, मी करते आणि ते होत नाही.”

माझी बस लागली. मी निघते म्हणाले.

त्या हातांनी सेव्ह दाबलं होतं. प्रत्येक नावाला. मी ते पाहिलं होतं, आणि मग पुसलं. त्यांच्या मुलीला मी हे सांगितलं नाही. रिबिनी अजून माझ्याकडे आहेत.