पेन्सिलीने लिहिलेली अकरावी-बारावी

आमच्या कॉन्फरन्सचा इतिहास गेल्या आठवड्यात लिहून संपवला. कॉन्फरन्स म्हटलं की पुण्यातल्या माझ्या बहिणीला अजूनही वाटतं, डॉक्टर लोक जमतात, भाषणं ऐकतात आणि फुकटचं जेवतात. ही तसली नव्हे. मोठ्या विद्यापीठांशी खेळायची ऐपत नसलेल्या इथल्या लहान कॉलेजांनी आपापसात सामने खेळावेत म्हणून ही मोट बांधली होती. कॅनडातल्या वॉटर्लूच्या ज्या कॉलेजात मी रजिस्ट्रारच्या ऑफिसात नोकरी करते, ते त्यातलंच एक. नोकरीला जोडूनच खेळाडूंची नोंदणी तपासायचं काम माझ्या गळ्यात पडलं आणि पुढे बरीच वर्षं राहिलं. मला खेळातलं काही कळत नाही. मला फॉर्म कळतात.

कॉन्फरन्स मोडली तेव्हा कुणाला तरी आठवलं की तिला इतिहास आहे. सगळ्यात जुनी मीच उरले होते, म्हणून मलाच लिहायला सांगितलं. निळ्या पुठ्ठ्याची सभासदांची वही समोर घेऊन बसले. पहिल्या पानावर चार नावं: एक शेतकी कॉलेज, एक पाद्री घडवणारं, एक नर्सिंगचं आणि चौथं आमचं. नर्सिंगचं एका मोठ्या कॉलेजात विरून गेलं. पाद्र्यांचं कॉलेज रविवारी खेळायला तयार नसे. मग त्यांच्याकडे विद्यार्थीच येईनासे झाले आणि रविवारचा प्रश्न आपोआप सुटला. शेतकी कॉलेजाने हॉकीचा संघ बंद केला, मग बास्केटबॉलचा, मग वर्गणी भरून नुसतंच नाव ठेवलं आणि शेवटी तेही काढून घेतलं. मधल्या काळात नवी कॉलेजं येत गेली, जात गेली. वहीत शेवटचा रकाना ‘सोडण्याचं कारण’ असा आहे आणि त्यात जवळजवळ प्रत्येक ठिकाणी ‘स्वेच्छेने’ लिहिलंय. एवढी स्वेच्छा मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

सभासद वाढल्यावर घटनेत एक कलम घातलं होतं. सभासद पाचाच्या खाली गेले की कॉन्फरन्स विसर्जित. बरीच वर्षं आम्ही बरोबर पाचावर तग धरून होतो. पाचवं कॉलेज ब्रॅम्पटन शहरातलं.

ते कॉलेज एका प्लाझाच्या वरच्या मजल्यावर होतं. खाली देशी ग्रोसरी आणि ट्रक चालवायला शिकवणारी शाळा. जिम नाही, मैदान नाही. शेजारच्या हायस्कूलची जिम भाड्याने घेऊन मुली व्हॉलीबॉल खेळत. बहुतेक मुली पंजाब-गुजरातच्या, वेअरहाउसच्या शिफ्टवरून थेट सरावाला येणाऱ्या. आमच्या बैठकीत त्यांच्या संघाचा विषय निघाला की कुणीतरी हसत म्हणे, “तुझ्या लोकांचे फॉर्म तूच बघ.” मीही हसे. त्या हसण्याची मला आज लाज वाटते, पण तेव्हा हसण्यात शहाणपण आहे असं वाटायचं.

एका सप्टेंबरात फॉर्म भरून घ्यायला मी तिकडे गेले. कॉरिडॉरमध्ये टेबल टाकून बसले होते. एक उंच, सडसडीत मुलगी समोर आली, माझ्या गळ्यातल्या दोन वाट्यांकडे बघितलं आणि म्हणाली, “काकू, तुम्ही मराठी आहात ना?” नागपूरची होती. त्या संघात एकटीच मराठी. दोन मिनिटांत तिने मला आईच्या गुडघ्यांपासून बेसमेंटमधल्या हीटरपर्यंत सगळं सांगून टाकलं. मग फॉर्मवरच्या एका प्रश्नापाशी अडली. यापूर्वी दुसऱ्या कॉलेजच्या संघाकडून खेळला आहात का?

“काकू, मी ज्युनिअर कॉलेजच्या टीममधून दोन वर्षं खेळली. इथं टाकू का?”

“खरं असेल ते टाक,” मी म्हणाले. “मी बघते पुढचं.”

हा सगळा घोळ आपल्या एका शब्दाचा. महाराष्ट्रात दहावी झाली की पोरं कॉलेजात जातात. अकरावी-बारावी म्हणजे ज्युनिअर कॉलेज. गणवेश सुटतो, कँटीन येतं आणि सोळा वर्षांची मुलं शाळा संपली म्हणून मिरवतात. कॅनडात तीच वर्षं हायस्कूलची असतात. आमचा नियम असा होता की एका कॉलेजातून खेळून दुसऱ्यात आलेल्या खेळाडूने वर्षभर बाहेर बसायचं. हायस्कूलचा खेळ त्यात धरत नसत. म्हणजे तिने ‘हो, दोन वर्षं’ लिहिलं ते तिच्या भाषेत खरं होतं आणि नियमाच्या भाषेत त्याचं उत्तर ‘नाही’ होतं. हे मला ठाऊक होतं. पुढे विसरायला नको म्हणून मी त्या ओळीशेजारी समासात पेन्सिलीने, देवनागरीत, ‘११वी-१२वी’ लिहिलं आणि फॉर्मवर शिक्का मारला. इंग्रजीत चार शब्द शाईने लिहायला हवे होते. आळस केला.

त्यांचा संघ त्या वर्षी जिंकत सुटला. एका शनिवारी माझं काम ब्रॅम्पटनला होतं, तेव्हा मी एक सामना बघितला. ही मुलगी सेटर होती, म्हणजे स्वतः फारसं मारायचं नाही, दुसरीला मारता येईल असा चेंडू वर ठेवून द्यायचा. पाठ वाकवून, अगदी वाईट आलेला चेंडूही ती असा अलगद उचलून देई की मारणारीला काही करायचंच उरत नसे. मारणारीसाठी टाळ्या वाजत आणि ही लगेच पुढच्या चेंडूसाठी जागेवर जाऊन उभी राही. मला आयुष्यात पहिल्यांदा खेळातलं काहीतरी कळलं. सामन्यानंतर धावत येऊन तिने सांगितलं, एका मोठ्या कॉलेजच्या कोचने तिला विचारलंय. पुढच्या वर्षी त्यांच्या संघात जागा आणि फी माफ. “आईला अजून नाही सांगितलं काकू. फायनल झाली की सांगते.”

फायनलच्या आठवड्यात तक्रार आली. दुसऱ्या एका कॉलेजाने इंटरनेटवरून तिचा जुना फोटो शोधला होता. छातीवर कॉलेजचं नाव, हातात ढाल, खाली ‘आंतर-महाविद्यालयीन स्पर्धा’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ. फाइल उघडली, तर तिने स्वतःच हो लिहिलेलं आणि वर माझा शिक्का.

सुनावणी आमच्याच कॉलेजात, दुपारी. टेबलाभोवती चार कॉलेजांचे प्रतिनिधी. कॉन्फरन्सचे अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त पी.टी. शिक्षक, मनाने वाईट नाही, पण घाईत. एका टोकाला ती आणि तिचा कोच. मी इतिवृत्त लिहायला बसले होते.

अध्यक्षांनी मला विचारलं, हे स्पष्ट लिहिलेलं असताना शिक्का कसा बसला?

एक वाक्य पुरलं असतं. त्यांच्याकडे अकरावी-बारावीलाच कॉलेज म्हणतात, मला ते माहीत होतं, मीच तिला लिहायला सांगितलं. एवढंच. पण ‘तुझ्या लोकांचे फॉर्म’ आठवलं. चार जोडी डोळ्यांना दिसणार होतं की हिने आपल्या भाषेतल्या मुलीला सूट दिली. आमच्या ऑफिसात त्याच हिवाळ्यात दोघांना काढलं होतं आणि तिसऱ्या नावाची कुजबुज चालू होती. मी म्हणाले, “नजरचूक झाली.”

फॉर्म टेबलावरून फिरत होता. अध्यक्षांनी समासावर बोट ठेवलं. हे काय आहे?

“माझी फाइलिंगची खूण,” मी म्हणाले. खोटं एकदा बोललं की दुसरं किती सोपं जातं, ते त्या क्षणी कळलं.

फॉर्म फिरत तिच्यापाशी गेला. अक्षर आपलंच आहे हे पटवायला तिला तो बघायचा होता. तिने मान खाली घालून पाहिला. लागेल त्यापेक्षा जरा जास्त वेळ पाहिला, असं मला वाटलं. मग पुढे सरकवला. हायस्कूलबद्दल ती आणि तिचा कोच दोघंही बोलले, पण फोटोवर कॉलेज, फॉर्मवर कॉलेज, आणि खुलासा करणारे दोघंही फायनल खेळू इच्छिणारे. कोण ऐकणार? अध्यक्षांनी शेवटी तिला विचारलं, हा फॉर्म भरताना तुला कुणी सल्ला दिला होता का?

“नो,” ती म्हणाली.

मी तेही इतिवृत्तात लिहिलं.

जिंकलेले सगळे सामने हरलेले ठरले. ती वर्षभर अपात्र. मोठ्या कॉलेजाने हात झटकले. एप्रिलमध्ये ब्रॅम्पटनच्या कॉलेजाने संघ बंद केला, पुढच्या वर्षी बाहेरच्या देशांतले विद्यार्थी कमी झाले तसं कॉन्फरन्सचं सभासदत्वही सोडलं. कारण: स्वेच्छेने. आम्ही चार उरलो आणि कलमाप्रमाणे संपलो. घरी मी हे सगळं एकदाच बोलले. मुलगा म्हणाला, “मॉम, इट्स जस्ट व्हॉलीबॉल.” त्याच्यावर ओरडले, कारण स्वतःवर ओरडता येत नव्हतं.

तेव्हापासून मी एकाच गोष्टीच्या आधाराने दिवस काढले. पेन्सिल फिकट होती. मुलगी घाबरलेली होती. तिने वाचलं नसणार. तिला एवढंच वाटलं असणार की काकू विसरली. विसरणं माफ होण्यासारखं असतं.

इतिहासात मी खरं काय ते लिहिलं. एक अख्खं पान. अध्यक्षांनी मसुदा परत पाठवला, त्या पानावर आडवी रेघ मारून. हे व्यक्तिगत आहे, नुसती सभासदांची यादी ठेव. निकाल तरी बदला, असं मी कळवलं. त्यावर उत्तर आलं की कॉन्फरन्सच राहिली नाही, तर निकाल बदलणार कोण. चीड आली, पण त्यांचं बरोबर होतं. बदलता येत होतं तेव्हा मी त्याच टेबलाशी बसले होते.

कागद खोक्यात भरताना तो फॉर्म हाती आला. ‘११वी-१२वी’ तसंच होतं, आणि खिडकीपाशी नेऊन बघितलं तर मुळीच फिकट नव्हतं. मी त्याचा फोटो काढला. फॉर्मवर तिचा नंबर होता, तो अजून चालू होता. फोटो पाठवला आणि खाली लिहिलं की मला माहीत होतं, मी खोटं बोलले, कुणाला पत्र हवं असेल तर मी सहीनिशी देते, उशीर झालाय हे मला कळतं.

उत्तर दोन दिवसांनी आलं, मराठीत.

“काकू, पत्र नको आता. मी वॉनला वेअरहाउसमध्ये काम करून राहिली. खेळणं सुटलं. आणि ते मी त्याच दिवशी वाचलं होतं. म्हटलं, मी बोलली तर तुमची नोकरी जाईल.”